मुंबई ते न्यूयॉर्क हे विमानाने किती अंतर आहे आणि प्रवासाला किती तास लागतात?

मुंबई आणि न्यूयॉर्कचा केनेडी विमानतळ यांच्यामध्ये सुमारे १२,५०० किलोमीटर अंतर आहे. थेट विमानाला जाताना साधारण १५ ते १६ तास लागतात आणि येताना त्याहून तास-दीड तास कमी, कारण ९ ते १२ किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारे वेगवान वारे येताना विमानाला पाठीमागून रेटतात आणि जाताना तेच समोरून अडवतात. परंतु किलोमीटर मोजण्याआधी तिकिटावरची तारीख नीट वाचावी, असे मला आपल्याला कळकळीने सांगायचे आहे.

भुसावळला रेल्वेच्या आरक्षण खिडकीवर माझी सारी नोकरी गेली. माझे थोरले बंधू भूगोलाचे शिक्षक. त्यांचा मुलगा शिकायला न्यूयॉर्कला निघाला तेव्हा दादांनी भिंतीवरच्या नकाशावर फूटपट्टी ठेवून विमान अरबस्तान आणि उत्तर आफ्रिकेवरून जाणार, असे घरात जाहीर केले. पृथ्वी गोल आहे हे ज्यांनी जन्मभर शिकवले, त्यांना सर्वांत जवळचा मार्ग उत्तरेकडे वळून नॉर्वे आणि ग्रीनलंडच्या दक्षिण टोकाकडून जातो हे मी सांगावे, हे काही त्यांना रुचले नाही. त्यात तिकिटावर ‘१२ ऑगस्ट, सुटण्याची वेळ ०१:३०, पोहोचण्याची ०७:३०’ असे छापलेले होते. दादा म्हणाले, अमेरिका ६ तासांवर आली, इथून मुंबईला रेल्वेने ७ तास लागतात! दोन्ही वेळा त्या त्या गावच्या घड्याळाच्या असतात आणि उन्हाळ्यात न्यूयॉर्कचे घड्याळ आपल्यापेक्षा साडेनऊ तास मागे असते, हे त्यांनी कसेबसे मान्य केले.

खरा वाद तारखेवरून झाला. मध्यरात्रीनंतरच्या गाडीची तारीख चुकवून दुसऱ्या दिवशी हुज्जत घालणारे कितीतरी प्रवासी मी खिडकीतून पाहिले होते, म्हणून ११ तारखेच्या सकाळीच निघा, असे मी परोपरीने सांगितले. “तुले विमानातलं काय समजते?” एवढे बोलून दादांनी १२ तारखेची सकाळची गाडी धरली. रात्री १० वाजता मुलाला घेऊन ते विमानतळावर पोहोचले, तेव्हा ते विमान न्यूयॉर्कला उतरूनही ५ तास झाले होते. नव्या तिकिटासाठी केळीच्या हंगामाचा पैसा गेला. तिकीट छापणाऱ्याने दिशाभूल केली, असे दादा आजही पाहुण्यांना सांगतात. छपाई बिनचूक होती. चूक वाचणाऱ्याची होती, आणि सावध करणारा माणूस विमानाच्या नव्हे तर रेल्वेच्या खिडकीवर बसत होता, म्हणून त्याचे ऐकले गेले नाही.

तेव्हा १२ तारखेचे ०१:३० म्हणजे ११ ची रात्र, आणि त्या रात्री १० पर्यंत तुम्ही विमानतळावर हवे. आखातातून विमान बदलून जाणार असाल तर मधला थांबा धरून २० तासांच्या पुढे हिशेब करा. हिवाळ्यात घड्याळांतला फरक साडेदहा तासांचा होतो. वर दिलेले तास सुरळीत दिवसांचे आहेत. एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानने भारतीय कंपन्यांच्या विमानांना आपली हवाई हद्द बंद केली, तेव्हापासून त्यांना वळसा घालावा लागू लागला आणि वेळ वाढला. त्याचे खापर मात्र मी दादांवर फोडणार नाही.