परीक्षा घरून द्यायची का, हे तिला विचारलंत का?

रावेर तालुक्यातून एका वडिलांचं पत्र आलंय. मुलगी जळगावला केमिकल इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे, अमेरिकेत एमएस, म्हणजे पदव्युत्तर शिक्षण, करायचंय म्हणून जीआरई ही प्रवेशासाठीची परीक्षा द्यायचीय. ते लिहितात, "मुंबई-पुण्याला सेंटरवर एकटीला कुठे पाठवू, हल्ली घरून देता येते तर घरूनच देऊ दे. वरच्या खोलीत बसवतो, माझा भाचा कॉम्प्युटर लाईनमधला आहे, तो शेजारी बसेल, काही अडलं तर बघेल. चान्स एकच देणार. 320 आले तर ठीक, नाहीतर स्थळं येताहेतच. लॅपटॉप कोणता घेऊ आणि नेटला स्पीड किती लागतो तेवढं सांगा."

भाऊ, लॅपटॉपचं आधी सांगून टाकते. नवा घेऊ नका, विंडोज नाहीतर मॅकवाला, कॅमेरा-माईक-स्पीकर नीट चालणारा कुठलाही चालतो, मोबाईल आणि टॅबवर ही परीक्षा देता येत नाही.

आता मला जे खटकलं ते. अख्ख्या पत्रात मुलीचं म्हणणं एका ओळीतही नाही. तिला कुठल्या विषयात एमएस करायचंय, कुठली कॉलेजं बघितलीत, घरून द्यायचीय की सेंटरवर जायचंय, काहीच नाही. आणि मला खरंच कळत नाही, जी मुलगी वर्षभराने सातासमुद्रापार एकटी राहणार, स्वतःची खोली शोधणार, बँकेचं खातं उघडणार, तिला भुसावळहून रात्रीच्या गाडीत बसून सकाळी मुंबईत उतरून एक पेपर देऊन परत येता येणार नाही असं तुम्हाला का वाटतं? नातेवाईक काय म्हणतील ही भीती असेल तर तसं सरळ म्हणा, पण ती परीक्षेच्या सोयीच्या नावाखाली लपवू नका. तिला जाऊ द्या, फार तर पहिल्या वेळी आईला सोबत पाठवा.

दुसरं ते 320 आणि स्थळं. हे वाचून मी खूप अस्वस्थ झाले. जीआरईच्या रिझल्टवर 320 असा आकडा छापूनच येत नाही, व्हर्बल (इंग्रजी) आणि क्वांट (गणित) दोन्हीचे 130 ते 170 मध्ये वेगवेगळे स्कोअर येतात, लिखाणाचा तिसरा, 0 ते 6 मध्ये. पहिल्या दोघांची बेरीज करून 320 ची रेघ ओढायची सवय क्लासवाल्यांनी लावली. आणि एकच चान्स हा नियम तुमचा, परीक्षेचा नाही. 21 दिवसांनी परत देता येते, बारा महिन्यांत पाच वेळा देता येते, स्कोअर पाच वर्षं चालतो. चार वर्षं इंजिनिअरिंग केलेल्या मुलीचं लग्न दोन तासांच्या पेपरला बांधून ठेवलंत तर ती त्या खोलीत गणितं सोडवेल की स्थळं मोजेल? ही अट आजच मागे घ्या, आणि तिच्यासमोर बसून तोंडाने सांगा.

घरून परीक्षा म्हणजे घरच्यांच्या मदतीने परीक्षा हा गैरसमज मला नेहमी ऐकायला मिळतो. 2020 च्या लॉकडाऊनमध्ये कॉलेजच्या परीक्षा मोबाईलवर घरून झाल्या, तेव्हा काय काय झालं ते सगळ्यांना माहीत आहे, आणि जीआरई घरून द्यायची सोयही त्याच वर्षी सुरू झाली म्हणून लोक दोन्ही एकच समजतात. जीआरईत घरीही पेपर सेंटरवरचाच, मार्क द्यायची पद्धत तीच, आणि कॅमेऱ्यातून एक माणूस सुरुवातीपासून शेवटपर्यंत तिच्याकडे बघत असतो. सुरू व्हायच्या आधी तो कॅमेरा फिरवून अख्खी खोली दाखवायला लावतो, टेबलाचा वरचा भाग दाखवायला लावतो, आरसा किंवा मोबाईल समोर धरून लॅपटॉपची स्क्रीनही बघतो. दार बंद आणि कॅमेऱ्यात दिसेल असं लागतं, पलंगावर बसून चालत नाही, कान झाकलेले चालत नाहीत. कच्च्या कामाला कागद नाही, छोटा व्हाईटबोर्ड नाहीतर पारदर्शक प्लास्टिकच्या कव्हरात घातलेला कागद आणि पुसता येणारा मार्कर, शेवटी सगळं त्याच्या डोळ्यांदेखत पुसायचं. पेपर 1 तास 58 मिनिटांचा, मधे ब्रेक नाही. तुमचा भाचा शेजारी दिसला की पेपर तिथेच थांबेल, स्कोअर रद्द होईल, आणि ठपका तिच्यावर येईल, भाच्यावर नाही.

आणि भाऊ, घर तुमचं आहे, तुम्हीच सांगा. केळीची कटाई चालू, खाली गाडी भरतेय, मजूर हाका मारताहेत, लाईट गेली की राऊटर बंद, आत्याबाई चहा घेऊन थेट वर. दोन तास त्या खोलीच्या दारापाशी कुणी फिरकणार नाही याची हमी देता येत असेल, राऊटर इन्व्हर्टरवर असेल आणि मुख्य म्हणजे तिलाच घरून द्यायची असेल तर खुशाल द्या. नाहीतर सेंटरच बरं.

पण त्याच्याही आधी एक काम करा. तिला जीआरई लागते का तेच बघा. 2020 नंतर अमेरिकेतल्या बऱ्याच डिपार्टमेंटनी जीआरई ऐच्छिक केली, काहींनी काढूनच टाकली. तिने निवडलेल्या प्रत्येक कोर्सच्या अ‍ॅडमिशनच्या पानावर जाऊन बघायचं, क्लासवाल्याला विचारायचं नाही. इथेच एम.टेक.चा विचार असेल तर त्यासाठी गेट ही वेगळी परीक्षा आहे, ती सेंटरवरच होते.

यापुढचं पत्र तिला लिहू द्या, तुम्ही वाचलं नाहीत तरी चालेल. त्यात तिच्या मनातल्या पाच-सहा कोर्सची नावं, आतापर्यंतचे मार्क, आणि तिला एमएस खरंच करायचंय का, एवढं हवं. पुढच्या फॉलच्या, म्हणजे ऑगस्ट-सप्टेंबरात सुरू होणाऱ्या सत्राच्या, बऱ्याच अर्जांची मुदत डिसेंबर-जानेवारीत संपते, म्हणून जरा लवकर पाठवायला सांगा. आणि नाव नोंदवताना पासपोर्टवर जसं आहे तस्संच टाका, मार्कशीटवर आडनाव आधी असतं तिथे आपल्याकडच्या मुलांचा हमखास घोळ होतो.