नवरा रात्रभर अणुबॉम्बची पुस्तकं वाचतो, झोप पोरीची उडाली

पत्र वरुड तालुक्यातल्या एका गावातून आलंय, नाव-गाव देत नाही, थोडं छाटून देते:

"मावशी, आमची संत्र्याची बाग आहे. मे 2025 मध्ये टीव्हीवर सायरन अन् ब्लॅकआउटच्या मॉक ड्रिल दाखवत होते ना, तेव्हापासून आमच्या ह्यांनी अणुयुद्धावरची पुस्तकं वाचायला घेतली. पहिले तालुक्याच्या वाचनालयातून एक आणलं, मग मोबाईलवर पीडीएफ. रात्री दोन दोन वाजतात. जेवताना पोट्ट्यायले सांगतात मिसाईल किती मिनिटात येते. पोरगी दहावीत आहे, परवा मले विचारते, आई, मी बारावी तरी होईन का? घरात आयोडीनवाल्या मिठाची पोती आणून ठेवली. आंबिया बहाराची फळगळ झाली, व्यापारी सौदा करून गेला तो फिरकलाच नाही, बँकेची नोटीस आली तर ती यांनी फोडून पण नाही पाहिली, म्हणतात काय करायचं आता पाहून. सासूबाई म्हणतात पुस्तकं चुलीत घाल. घालू का?"

नको गं बाई. एक तर त्यातलं एक वाचनालयाचं आहे, दंड तुलाच भरावा लागेल, अन् दुसरं म्हणजे चुलीत घातलेल्या पुस्तकावर माणसाचा जास्तच विश्वास बसतो. शिवाय पीडीएफ काय जाळशील, मोबाईल?

पहिले हे ऐक, तुझा नवरा येडा झाला नाही. तो वाचतो त्यातलं बरंचसं खरं आहे. जगात आज 12,000 च्या आसपास अणुबॉम्ब आहेत, खंडाच्या पल्याडून सुटलेलं मिसाईल अर्ध्या तासात पोचतं, अन् आपल्या अन् पाकिस्तानच्या मधात तर तेवढा वेळही नाही. गावातले लोक चावडीवर हसत असतील तर हसू दे, घाबरण्यासारख्या गोष्टीला घाबरला यात त्याची काही चूक नाही.

मिठाचं मात्र त्याला सांग. आयोडीनच्या गोळ्या असतात त्या वेगळ्या, त्या फक्त गळ्याजवळच्या थायरॉईड ग्रंथीला किरणोत्सारी आयोडीनपासून वाचवतात, बाकी शरीराला काही नाही. मिठात आयोडीन इतकं कमी असतं की एका गोळीएवढं मिळवायला तीन किलोच्या वर मीठ एका बैठकीत खावं लागेल, म्हणजे बॉम्ब पडायच्या आधीच माणूस जाईल. 2011 मध्ये जपानच्या फुकुशिमाला अपघात झाला तेव्हा चीनमध्येही लोकांनी अशीच दुकानातली मीठं उचलली होती, तेव्हा एकटा तुझाच नवरा असा नाही. दुकानदार ओळखीचा असेल तर न फोडलेली पोती परत घेते का पाहा, नोटीस आलेल्या घरात तेवढे पैसे मोकळे झाले तर वाईट काय.

आता पुस्तकांचं. तो जी पुस्तकं वाचतो ती बहुतेक पुढं काय होईल याची दिसतात, पहिल्या मिनिटाला हे, दहाव्या मिनिटाला ते, अन् मग सगळं खल्लास. अशा पुस्तकात एकदा बटण दाबलं की मधात माणूस नावाची चीजच नसते. खऱ्यात तसं झालेलं नाही. 26 सप्टेंबर 1983 ला सोव्हिएत रशियात स्तानिस्लाव पेत्रोव नावाचा अधिकारी ड्युटीवर होता, कॉम्प्युटर म्हणे अमेरिकेतून मिसाईल निघालं, मग अजून एक, असं करत करत पाच. त्यानं वर कळवलं की हा खोटा अलार्म आहे. त्याचा हिशोब असा, की खरंच हल्ला करायचा असता तर कोणी नुसती पाच सोडली असती का? नंतर निघालं की ढगावर चमकलेल्या उन्हाला उपग्रह फसला होता. अन् आपल्याकडचंच घे, 9 मार्च 2022 ला आपलं एक मिसाईल चुकून सुटलं, पाकिस्तानात मियां चन्नूजवळ जाऊन पडलं, त्यात स्फोटक नव्हतं, कोणी मेलं नाही, त्यांनी उलट काही सोडलं नाही, अन् ऑगस्टमध्ये आपल्या वायुदलातल्या तीन अधिकाऱ्यांना नोकरीवरून काढलं. मला यात दिलासाही वाटतो अन् अंगावर काटाही येतो, दोन्ही एकदमच.

अजून एक, जे टीव्हीवर कोणी ओरडून सांगत नाही. भारत अन् पाकिस्तान दरवर्षी 1 जानेवारीला आपापल्या अणुकेंद्रांची यादी एकमेकांना देतात, यांच्यावर हल्ला करायचा नाही म्हणून. करार 1988 चा, याद्या 1992 पासून, कारगिल झालं तरी बंद नाही पडल्या. अन् 1986 च्या सुमारास जगात हे बॉम्ब 70,000 च्या घरात होते, म्हणजे कमी करता येतात, केलेत लोकांनी. आता परत वाढवायची भाषा सुरू झाली ती गोष्ट वेगळी, तिचा मला राग येतो.

त्याला वाचायचंच असेल तर जॉन हर्सीचं 'हिरोशिमा' दे. 1946 मध्ये आलं होतं, बॉम्बमधून वाचलेल्या सहा माणसांची हकीकत आहे. त्यात एक शिंप्याची विधवा आहे, नाकामुरा, तीन लेकरं, नवरा लढाईत गेलेला. आग येताना पाहून ती घरातली शिलाई मशीन पाण्याच्या टाक्यात टाकते, म्हणजे जळणार नाही. पुढं ती गंजलेली काढून दुरुस्त करून लोकांचे कपडे शिवते, अन् आजारपणात डॉक्टरचे पैसे भरायला तीच मशीन विकावी लागते. बघ, शहर गेलं तरी उधारी काही गेली नाही.

हे मी तुला काऊन सांगतेय तर त्या न फोडलेल्या नोटिशीपायी. पूर्ण पत्रात तू ते एका ओळीत टाकलं अन् पुढं गेली, मी मात्र तिथंच अडकली. मी असं म्हणत नाही की अणुयुद्ध नुसतं निमित्त आहे अन् खरं दुखणं कर्जाचं, इतकं सोपं नसतं, दोन्ही भीत्या खऱ्या असू शकतात. पण जग बुडणार आहे असं धरलं की नोटीस उघडायची गरज राहत नाही, एवढं खरं. ती तू उघड. दुपारी, सासूबाई मंदिरात गेल्यावर, त्याला शेजारी बसवून. मग बँकेत जा, दोघंही जा, कर्जाचं पुनर्गठन, म्हणजे हप्ते नव्यानं बांधून देणं, होते का ते साहेबाला तोंडानं विचारा.

पोरीला "काही होत नाही, झोप" असं म्हणू नको, दहावीतल्या पोरीला ते चालत नाही. तिला पेत्रोवची गोष्ट सांग, यादीची सांग, अन् हेही सांग की बाबाला सध्या खूप भीती वाटते. बापाला मात्र स्पष्ट बजाव, ताटावर मिसाईल बंद. तिला प्रश्न असतील तर दिवसा, बागेत फिरता फिरता उत्तर दे म्हणावं, अन् रात्री मोबाईल तुझ्या उशाशी.

अन् झोप नाही, बागेत लक्ष नाही, "काय करायचं आता पाहून" हे बोलणं, हे मला आवडलं नाही बाई. आपल्या भागात असं बोलणं हलक्यात घेऊ नये. सरळ विचार त्याला, जीव द्यायचे विचार येतात का म्हणून, विचारल्यानं डोक्यात येत नाहीत, उलट माणूस मोकळा होतो. हो म्हणाला, नाहीतर नुसता गप्प बसला, तर त्याला एकट्याला सोडू नको, फवारणीची औषधं घरातून हलव, अन् त्याच दिवशी जिल्हा रुग्णालयात मानसोपचाराच्या डॉक्टरकडे ने. टेलिमानस म्हणून मनाच्या त्रासासाठी फोनवरची मदत आहे, तिचा नंबर 14416, सरकारी आहे, फुकट आहे, रात्रीही लागतो, मराठीत बोलतात. तो नाही म्हणाला तर तू लाव, घरच्या माणसानं केलेला फोनही ते घेतात.