तिसऱ्यांदा ‘नीट’ की जिवाणूंच्या पुटिका?

प्रश्न : मुलगी बी.एस्सी. सूक्ष्मजीवशास्त्राच्या दुसऱ्या वर्षाला आहे. ‘नीट’मध्ये दोनदा अपयश आले. जिवाणू पुटिकांमधून, म्हणजे आपल्या आवरणातून सुटणाऱ्या सूक्ष्म पिशव्यांमधून, दुसऱ्या पेशींना आरएनए (डीएनएसारखा जनुकीय रेणू) पोहोचवतात, त्यावर संशोधन करायचे असे ती म्हणते. नात्यातले एक डॉक्टर म्हणतात, या पुटिका म्हणजे पेशींचा कचरा आहे. तिने तिसऱ्यांदा ‘नीट’ द्यावी, असे आम्ही ठरवले आहे. तिची समजूत कशी घालावी? – एक पालक

उत्तर : निर्णय आपण आधीच घेऊन टाकला आहे आणि मला विचारता आहात ती केवळ समजूत घालण्याची युक्ती; ती मी देणार नाही. आपल्या पत्रात डॉक्टर नातेवाइकांचे मत आहे, परंतु मुलीला हा विषय का आवडला, हे तिला विचारल्याचा उल्लेख नाही. दोन अपयशांनंतर जी मुलगी स्वतःहून एखाद्या विषयात रमते, तिला पुन्हा क्लासच्या बाकावर बसवण्यात हित तिचे कमी आणि आपल्या हौसेचे अधिक आहे, असे मला स्पष्ट वाटते.

आता कचऱ्याविषयी. पटकीच्या जिवाणूच्या आवरणातून सुटणाऱ्या पुटिकांची इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखालील निरीक्षणे चटर्जी आणि दास यांनी १९६७ मध्येच प्रसिद्ध केली होती, आणि पुढे बराच काळ अनेकांनी त्यांना अवशेषच मानले, त्यामुळे डॉक्टरसाहेबांचा समज अगदीच निराधार नाही. तो जुना आहे. २०१६ मध्ये स्यूडोमोनास एरुजिनोसा या जिवाणूच्या पुटिकांतील आरएनएचा एक तुकडा माणसाच्या श्वसनमार्गातील पेशींत शिरून इंटरल्यूकिन-८ चा स्राव कमी करतो, म्हणजे संरक्षक पेशींना बोलावणारी हाकच दाबतो, असे दिसून आले. हवाईजवळच्या एका लहान स्क्विडच्या (माकुळाच्या) प्रकाश-अवयवात राहणारा जिवाणूही पुटिकांतून आरएनए पाठवतो. तो आरएनए नसेल, तर यजमानाची, म्हणजे स्क्विडची, प्रतिकारयंत्रणा नाहक खवळते. मेनिंगोकॉकस-बी या मेंदूज्वराच्या जिवाणूविरुद्धच्या एका लशीत तर त्याच जिवाणूच्या अशा पुटिका वापरल्या जातात.

मुलीलाही एक सांगणे आहे. दुसऱ्या वर्षालाच पीएच.डी.चा विषय पक्का करण्याची घाई नको. एम.एस्सी.साठी ‘जॅम’ आणि ‘गॅट-बी’, पुढे ‘नेट’, हे परीक्षांचे मार्ग तिला ठाऊक असतीलच. आधी शिकण्यासारखी आहे ती पुराव्याची शिस्त : आरएनए पुटिकेच्या आत होता की बाहेर नुसता चिकटला होता, हे ठरवण्यासाठी अखंड पुटिकांवर आरएनेज हे आरएनए तोडणारे विकर (एन्झाइम) वापरतात, मग डिटर्जंटने पुटिका फोडून तेच पुन्हा करतात. पहिल्या खेपेस आरएनए का टिकावा आणि दुसऱ्या खेपेस का नष्ट व्हावा, याचे उत्तर तिने स्वतःच्या शब्दांत लिहून मला पाठवावे. पुढचे पत्र आपले नको, तिचे हवे.