आजींची एफडी मोडून लेकीला कॅमेरा घ्यावा का?

ताई, तुमचं पत्र दोनदा वाचलं. थोडक्यात असं, की लेकीला पुण्यात फोटोग्राफीच्या ३ वर्षांच्या कोर्सला ॲडमिशन मिळाली, चिपळूणच्या दुकानदाराने कॅनन २००डी टू, त्यावर १८-५५ आणि ५५-२५० असे दोन लेन्स, बॅग, ट्रायपॉड, कार्ड असा कॉम्बो ७२ हजारांना सांगितलाय, १२ महिने नो कॉस्ट ईएमआय, नाहीतर आजींची १ लाखाची एफडी मोडायची जी जानेवारीत पिकणार आहे. शेजारचा मुलगा म्हणतो डीएसएलआर, म्हणजे २००डी टू सारखे आत आरसा असलेले कॅमेरे, संपले, आता बिनआरशाचे मिररलेसच घ्या.

आधी ईएमआयचं बघू कारण तो सगळ्यात गोड दिसतो. मिस्टरांचे हातात ४१ हजार येतात, घराचा हप्ता साडेअकरा, लेकीचं हॉस्टेल आणि मेस ९, म्हणजे घर चालवायला राहिले साडेवीस, त्यातून ६ हजार गेले की साडेचौदात तीन माणसं आणि आजींची औषधं, हे एखाद महिना जमेल, वर्षभर नाही. आणि नो कॉस्ट म्हणजे फुकट नव्हे हो. बँक व्याज लावतेच, दुकानदार किंवा कंपनी तेवढी सूट आधी देते म्हणून हप्ता सरळ ६ हजार दिसतो. १५ टक्के धरले तर त्या ७२ मध्ये साडेपाच हजार व्याज आहे, त्यावर १८ टक्के जीएसटी तुमच्या खिशातून, म्हणजे हजारेक रुपये, वर प्रोसेसिंग फी. शिवाय जी सूट ईएमआयवाल्याला मिळते ती रोख देणाऱ्याने का मागू नये? दुकानदाराला एकदा विचाराच, रोख दिले तर किती, आकडा लगेच खाली येतो बघा.

आता कॅमेरा. मी फोटोग्राफर नाही, पण माझ्याकडे या धंद्यातले बरेच क्लायंट आहेत, त्यांच्याकडून शिकलोय. २००डी टू वाईट नाही, पण त्याच्या डोक्यावर फ्लॅश लावायची जी खाच असते ना, हॉट शू, तिच्यातली मधली पिन कॅननने काढून टाकलीये. स्टुडिओतल्या लाईटला सिग्नल देणारा साधा ट्रिगर त्या पिनेवरच चालतो. घरगुती माणसाला काही फरक पडत नाही, पण फोटोग्राफी शिकणाऱ्या मुलीला स्टुडिओ प्रॅक्टिकलला वेगळा कॅननवाला ट्रिगर शोधत बसावं लागेल. दुकानदार हे सांगणार नाही, कदाचित त्यालाही माहीत नसेल. ५५-२५० हा लांबचं जवळ आणणारा लेन्सही पहिल्या वर्षी बॅगेतच बसणार, आणि कॉम्बोतला ट्रायपॉड तर, जाऊदे.

शेजारचा मुलगा अर्धा बरोबर आहे. २०१८ पासून कॅनन आणि निकॉन दोघांचंही लक्ष मिररलेसवर गेलंय, म्हणून नवा डीएसएलआर ७२ हजारांना घेणं मला पटत नाही, ३ वर्षांनी विकायला गेलात तर कोण घेणार. पण त्याच कारणाने लग्नाचे फोटो काढणारे लोक आपले जुने डीएसएलआर भराभर विकतायत आणि शिकणाऱ्याला ते स्वस्तात मिळतात. ॲपर्चर, शटर, आयएसओ, म्हणजे फोटोत किती उजेड येणार ते ठरवणाऱ्या सेटिंग, यांचं गणित जुन्या कॅमेऱ्यावर वेगळं नसतं.

म्हणून माझं मत, सेकंड हँड कॅनन ७००डी किंवा ७५०डी, नाहीतर निकॉन डी५६००, सोबत येणाऱ्या किट लेन्ससकट २३ हजारांच्या वर जायचं नाही. त्याच्यासोबत ५० एमएम एफ १.८ हा झूम नसलेला, कमी उजेडात चालणारा एकच लेन्स, जुना चांगला मिळाला तर ७ हजारांत बसवा. एक जादा बॅटरी आणि चांगलं कार्ड धरून ३ हजार. झाले ३३ हजार. कॅननचा लेन्स उद्या मिररलेस घेतला तरी ॲडॅप्टर लावून चालतो, म्हणजे ते पैसे वाया नाहीत. निकॉन घेतला तर मात्र सांभाळा, ५० एमएम डी आणि जी अशा दोन प्रकारांत मिळतो, डी स्वस्त म्हणून लोक उचलतात आणि मग कळतं की त्याला कॅमेऱ्यातली फोकसची मोटर लागते आणि डी५६०० मध्ये ती नाहीच, सगळं हाताने फिरवा.

बघायला जाताना लेकीला आणि कॉलेजच्या एखाद्या सिनियरला घेऊन जा, मुंबईत फोर्टला बोरा बझारमध्ये बरीच दुकानं आहेत. जुन्याला बिल मागायचं, लेखी वॉरंटी मागायची, महिन्याची का होईना. निकॉनच्या फोटोवरून किती क्लिक झालेत ते कळतं, कॅननच्या या मॉडेलना सहसा फोटोत तो आकडा येत नाही, सर्व्हिसवाल्याला विचारावं लागतं. ४०-५० हजार क्लिकच्या आत असेल तर ठीक. आणि लेन्स. मोबाईलचा टॉर्च मागून लावायचा आणि पुढून तिरकं बघायचं, आत कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक पांढरे धागे दिसले तर ती बुरशी, कितीही स्वस्त असला तरी खाली ठेवायचा. माझाच एक लेन्स बॅगेत घालून दोन पावसाळे कपाटात राहिला, उघडला तेव्हा तो असाच दिसत होता, दुरुस्तीवाल्याने सांगितलेल्या पैशांत दुसरा आला असता. तुम्ही तर चिपळूणच्या! सुट्टीत लेक घरी आली की कॅमेरा बॅगेत नाही, घट्ट झाकणाच्या डब्यात, सोबत सिलिका जेलच्या पुड्या.

पण हे सगळं घ्यायच्या आधी कॉलेजला फोन करून विचारा की पहिल्या सेमिस्टरला काय लागतं. कधीकधी कॉलेजचेच कॅमेरे वापरायला मिळतात, मग दिवाळीपर्यंत थांबता येईल. दुसऱ्या वर्षी तिला कळेल की प्रॉडक्ट आवडतं की लग्नं की वाईल्डलाईफ, आणि तिन्हीचा खर्च एकदम वेगळ्या दिशेला जातो, म्हणून उरलेले पैसे तेव्हासाठी. फोटो एडिट करायला लॅपटॉप लागेल तो वेगळाच, त्याबद्दल पत्रात काहीच नाही.

राहिली एफडी. मोडू नका. साडेसातने ठेवलीये, १९ महिने झालेत, १ टक्का दंड धरला तर सोळाशेच्या आसपास जातात, आणि मोडलेली एफडी परत बांधलेली मी फार कमी घरांत बघितलीये. त्याऐवजी तिच्यावर ओव्हरड्राफ्ट (ओडी), म्हणजे एफडी तारण ठेवून बँकेकडून उचल, घ्या, फक्त ३३ हजारांचा. बँका बहुतेक एफडीच्या दरावर १ टक्का जादा लावतात, म्हणजे साडेआठने ५ महिन्यांचं व्याज ११७० होईल, पण तेवढ्याच पैशांवर एफडीत हजार रुपये मिळतच राहतील, म्हणजे खरा भार दीडशेच्या आत. जानेवारीत एफडी पिकली की तिच्यातूनच ओडी फिटेल आणि ६७ हजार आणि वरचं व्याज उरेल. फक्त एफडी आजींच्या एकटीच्या नावावर आहे, तेव्हा सही त्यांचीच लागणार, पावती आणि पॅन घेऊन त्यांना बँकेत न्यावं लागेल. १ तारखेच्या गर्दीत नेऊ नका, १० नंतर सकाळी जा.