मांजर सोफा ओरबाडते, तिची नखं कायमची काढावीत का?
सोफा वाचवायला? अजिबात नको. त्यात नुसतं नख जात नाही, प्रत्येक बोटाचं शेवटचं हाड सांध्यापासून कापतात. पुढच्या दोन पायांचीच 10 बोटं. मग शी-शूच्या ट्रेमधल्या वाळूत पाय टाकताना दुखतं म्हणून मांजर ट्रेबाहेर घाण करू शकते, नखं नसल्याने चावायलाही लागते. बोटात गाठ असेल तर गोष्ट वेगळी. सोफ्यासाठी हे करणं क्रूरपणाच आहे.

त्याऐवजी तिला ओरबाडायला सोफ्याला खेटूनच 80–90 सेंमी उंचीचा, काथ्याचा दोर घट्ट गुंडाळलेला खांब ठेवा. तळ जड हवा; खांब डगमगला की ती परत सोफ्याकडे वळते. दर दोन-तीन आठवड्यांनी नखाचं फक्त पारदर्शक टोक कापा, 1–2 मिमी. आतल्या गुलाबी भागाला कात्री लागली तर रक्त येतं, आणि पुढच्या वेळी ती पंजा हातात देत नाही.