तिला फिरायला जायचं नाहीये

प्रश्न: आम्ही मूळचे विक्रमगड तालुक्यातले वारली. नोकरीमुळे वीस वर्षं कळव्यात राहतो. मुलगी वीस वर्षांची, चित्रकलेच्या पदवीच्या दुसऱ्या वर्षाला. मध्य प्रदेशात जाऊन गोंड चित्रकारांबरोबर काम करायचं म्हणते. आदिवासी कलाकारांना अशा प्रवासासाठी अनुदान मिळतं म्हणे. एक तर कॅनडाचं आहे. जातीचा दाखला आहे, मग तिला ते मिळेल का? नाहीतर फिरण्यात वर्ष घालवण्यापेक्षा तिने स्पर्धा परीक्षा द्यावी. भिंती रंगवणं सोडून आम्ही इथवर आलो. ते परत कशाला?
— एक पालक, कळवा

उत्तर: तुमच्या पत्रातलं शेवटचं वाक्य मी तीनदा वाचलं. मला काळजी वाटली ती त्याची, मुलीच्या करिअरची नाही. कॅनडा असेल तर तुमची हरकत दिसत नाही. डिंडोरी जिल्ह्यातल्या पाटणगढला, म्हणजे गोंड चित्रकारांच्या गावाला, जाणं मात्र 'फिरणं' ठरतं. म्हणजे अडचण वर्ष वाया जाण्याची नाही. मुलगी पुन्हा पाड्याकडे वळते आहे, हे तुम्हाला टोचतंय. तुम्ही काय सोसून गाव सोडलंत ते तुम्हालाच ठाऊक, त्याचा मला आदर आहे. पण ती लाज तिच्या डोक्यावर ठेवू नका. तिने ती कमावलेली नाही.

परीक्षेचं म्हणाल, तर राज्यसेवेला कोणत्याही शाखेची पदवी चालते. ती पूर्ण होऊ द्या, तो रस्ता कुठे पळून जात नाही.

आता कॅनडाबद्दल. 'आदिवासी कलाकारांसाठी' असं लिहिलेलं प्रत्येक अनुदान जगातल्या कुठल्याही आदिवासीला मिळतं, असं अनेकांना वाटतं. तसं नसतं. कॅनडाच्या कला परिषदेचा आदिवासी कलाकारांसाठीचा विभाग तिथल्याच फर्स्ट नेशन्स, इन्युइट आणि मेटी या समाजांसाठी आहे. त्यांची जमीन, भाषा, मुलं हिरावली गेली, त्या इतिहासातून तो उभा राहिला. आपला दाखला तिथे लागू नाही, आणि लागू नये हेच योग्य. आपल्याकडची दारं वेगळी आहेत. बंगळुरूचं इंडिया फाउंडेशन फॉर द आर्ट्स कलाकारांच्या प्रकल्पांना अनुदान देतं आणि तिथे अर्ज मराठीतही लिहिता येतो. जमशेदपूरला 2014 पासून टाटा स्टील फाउंडेशनचा 'संवाद' भरतो, 15 नोव्हेंबरच्या सुमारास. देशभरातले आदिवासी समाज तिथे एकमेकांना भेटतात. केंद्राच्या सांस्कृतिक मंत्रालयाची 18 ते 25 वयाच्या कलाकारांसाठी महिना 5,000 रुपयांची शिष्यवृत्ती आहे, पण ती शिकण्यासाठी, प्रवासासाठी नव्हे.

यातलं काहीही मागताना मुलीला एका प्रश्नाचं उत्तर द्यावं लागेल: पाटणगढच्या लोकांना हिच्या येण्याने काय मिळणार? चार चित्रं पाहून त्यांचे ठिपके-रेषा उचलून आणणं याला सहयोग म्हणत नाहीत. समोरच्या कलाकाराचं बोलावणं हवं, खर्चात त्याचं मानधन हवं, आणि जे चित्र होईल त्यावर दोघांचं नाव हवं. मला तर इथे एक सुंदर विषय दिसतो. गोंडांमधले परधान हे मुळात बाणा हे तंतुवाद्य वाजवून कथा गाणारे. त्यांच्या चित्रांना गाण्याचा आधार आहे. आपल्याकडे लग्नात सवाशिणी भिंतीवर चौक, म्हणजे लग्नाचं चित्र, लिहितात आणि लग्न लावणारी धवलेरी गाते. दोन्हीकडे चित्र आणि गाणं एकत्रच आहे. यावर एक वारली आणि एक गोंड मुलगी महिनाभर एकत्र बसल्या तर काहीतरी खरं हाती लागेल.

तुम्ही लिहिली नाहीत, पण मनात असणारच, अशी एक भीती मात्र मी हलकी घेत नाही: मुलगी परक्या जागी एकटी. पाटणगढच्याच जनगढ सिंह श्यामांनी गोंड चित्रकला भोपाळच्या भारत भवनापर्यंत आणि पुढे परदेशात नेली. 2001 मध्ये जपानच्या मिथिला संग्रहालयात काम करत असतानाच, घरापासून दूर, ते गेले. म्हणून मुक्काम कुठे, किती दिवस, परतीचं तिकीट कोणाच्या हातात, आजारी पडली तर कोण, हे सगळं आधी लेखी घ्या. हे बापाचं काम आहे आणि ते तुम्ही नीट कराल.

पण पाटणगढच्या आधी एक प्रवास राहिलाय, आणि त्याला अनुदान लागत नाही. तुमच्या मुलीने कॉलेजात कागदावर वारली माणसं काढली असतील. लग्नघरात पालघट देवीचा चौक लिहिताना बघितलाय का? तो लिहून झाल्याशिवाय लग्न लागत नाही, हे तुम्हाला माहीत आहे. वीस वर्षं कळव्यात वाढलेल्या पोरीला कोण सांगणार? गोंड मुलगी तिला तेच विचारेल.

येत्या लग्नसराईत तिला विक्रमगडला घेऊन जा. धवलेरीला आधी निरोप पाठवा. ओळख तुमची लागेल, तिची नाही. चौक लिहिणाऱ्या बायकांशेजारी तिला बसू द्या, तांदळाचं पीठ कालवू द्या, आणि तुम्हीही दाराबाहेर उभे राहू नका. परत आल्यावर तिने अर्ज लिहावा, मराठीतच. पाठवण्याआधी मला दाखवा, मी वाचेन.