नवीन लग्न झालेल्या मुली गर्भनिरोधक का वापरत नाहीत? शिक्षण कमी, माहिती नाही म्हणून का?

माहिती नसते असं नाही हो. मी बरीच वर्षं समुपदेशनाचं काम केलंय, समोर बसलेल्या मुलीला गोळ्या, कंडोम, तांबी, ऑपरेशन ही सगळी नावं पाठ असतात. पण नाव माहीत असणं आणि वापरणं याच्या मधे अख्खं घर बसलेलं असतं.

सगळ्यात मोठी भीती म्हणजे पहिलं मूल व्हायच्या आधी काही घेतलं तर पुढे दिवसच राहणार नाहीत. ही भीती सासू घालते, आई घालते, मैत्रीण घालते आणि खरं सांगायचं तर आमच्यातलेही घालतात, "आधी एक होऊ दे गं, मग बघू" म्हणणाऱ्या नर्स मी स्वतः पाहिल्यात. प्रत्यक्षात गोळ्या बंद केल्या किंवा तांबी काढली की लगेच दिवस राहू शकतात, आणि मूल न झालेल्या बाईलाही तांबी बसवता येते. वेगळं आहे ते फक्त 3 महिन्यांच्या इंजेक्शनचं, ते सोडल्यावर दिवस राहायला वेळ लागतो, शेवटच्या डोसपासून सरासरी 10 महिने धरा. आता हे कोणी आधी सांगितलंच नाही की ती बाई वाट बघून बघून घाबरते, 4 जणींना सांगते, आणि मग त्या चौघी काही आमच्याकडे फिरकत नाहीत.

दुसरं, बोलतं कोण. मी मुलीला विचारते, पुढचं कधी हवंय तुला? उत्तर सासूबाई देतात. मुलगी आपली फाइलचा कोपरा दुमडत बसलेली. मग मी सासूबाईंना काहीतरी शिक्का आणायला बाहेर पाठवते (हा माझा जुना उपाय), दार लागलं की मुलगी भराभरा बोलायला लागते. ताई, ह्यांना कंडोम नको असतो. ताई, गोळ्या ठेवू कुठे, कपाट एकच आहे. एकजण तर पॅडच्या पाकिटात स्ट्रिप ठेवायची, कारण तिथे कोणी हात घालत नाही. आणि पाहुणे आले, खोलीत कोणी झोपायला आलं की गोळी राहायचीच. रोज न चुकता घेतली तर वर्षभरात 100 पैकी जेमतेम एखादीला दिवस राहतात, पण लोक जशी घेतात तशी घेतली, म्हणजे मधेमधे खाडे, तर साधारण 7 जणींना. लपवून घेतलेली गोळी चुकणारच ना.

नवरा दरवेळी विरोधातच असतो असंही नाही. कितीतरी जणांना स्वतःलाच पाळणा लांबवायचा असतो पण बायकोशी हा विषय काढायची लाज वाटते, दोघं एकत्र आले तर 10 मिनिटांत ठरतं.

बाळंतपणानंतर अजून एक घोळ असतो, अंगावर पाजतेय म्हणजे दिवस जात नाहीत. जात नाहीत, पण 3 अटी आहेत: बाळ 6 महिन्यांच्या आतलं, पाळी परत आलेली नाही, आणि दिवसरात्र अंगावरचंच दूध, वरचं काही नाही. एक अट मोडली की संपलं. जागतिक आरोग्य संघटना म्हणते बाळंतपणानंतर पुढचे दिवस राहायच्या आधी निदान 24 महिने जाऊ द्या, आणि इथे बाळ जेमतेम बसायला लागलेलं असताना आई पाळी चुकली म्हणून परत समोर.

शिक्षणाने फरक पडतो, नाही कशाला म्हणू, पण एम.ए. झालेलीही गोळ्या लपवते. माझ्या मते स्वतःच्या हातात थोडे पैसे असणं आणि दवाखान्यात एकटीने येता येणं हे जास्त कामाला येतं.

ती पॅडच्या पाकिटवाली शेवटी तांबी बसवून गेली. पहिले 3 ते 6 महिने पाळीला रक्त जास्त जाईल, पोटात दुखेल हे तिला मी 2 वेळा बजावलं, नाहीतर दुसऱ्याच महिन्यात काढायला येतात. तिला त्याचं काही नव्हतं. दारात थांबून हळूच विचारलं, ताई, तांबीचा धागा ह्यांना लागेल का? म्हटलं लागला तर ये, कापून बारीक करून देतील.